बिनखिशाच्या माणसांचे प्राणी

रेगेन्सबर्गला मी कामाला लागले त्या वर्षी मला भाड्याने मिळाली ती एका जुन्या घराच्या छपराखालची दीड खोली. खाली घरमालकीणबाई एकट्या राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, कणा ताठ, आणि नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग. समोर बघितलं की मधलं सगळं धूसर, कडेकडेचं तेवढं स्वच्छ. त्यामुळे माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाकडे बघायच्या. पहिले काही दिवस मला वाटलं, कानातले आवडलेले दिसतायत.

संध्याकाळी मी कंपनीतून आले की जिन्याच्या पायथ्याशी त्यांचं दार उघडायचं आणि एक बंद मूठ बाहेर यायची.

"आल्झो, तर मग, आज कोण?"

मी डोळे मिटायचे आणि हात पुढे करायचा. तळहातावर अक्रोडाएवढं काहीतरी पडायचं, त्यांच्या मुठीची ऊब घेऊन आलेलं.

"घाई नको. पाय कुठे आहेत?"

"पोटाखाली दुमडलेत."

"कान?"

"छोटे आहेत, गोल. मांजर?"

"मांजर! वाघ आहे तो. आणि म्हणे ही वाघांच्या देशातली!"

त्या इतक्या हसायच्या की त्यांना कठड्याला धरावं लागायचं. मग समजावून सांगायच्या, की चूक माझी एकटीची नाही. जपानात वाघ नाही. ज्याने हा कोरला त्याने वाघ पाहिला तो चित्रात, नाहीतर कुठून तरी आलेल्या कातड्यात. आत भरायला त्याच्याकडे घरची मांजरच होती. "म्हणून चेहरा असा. रागावलेला आहे, पण दूध दिलं तर पिईल."

या प्राण्यांना नेत्सुके म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. जुन्या जपानी पोशाखाला खिसा नव्हता. तंबाखूची पिशवी, औषधाची डबी दोरीला बांधायची, दोरी कमरपट्ट्यातून वर काढायची, आणि ती खाली घसरू नये म्हणून वरच्या टोकाला एक लहानसा गोळा अडकवायचा. आपल्याकडचे म्हातारे चंची कमरेला खोचायचे, तसंच काहीसं. तो गोळा म्हणजे नेत्सुके. काम एवढंच, की अडकून राहायचं. साधी गाठ चालली असती, लाकडाचा तुकडाही चालला असता. पण कुणीतरी त्या तुकड्याला मिशा काढल्या.

प्राणी सगळे अंग चोरून बसलेले, कारण बाहेर आलेली शेपटी कपड्यात अडकली असती किंवा मोडली असती. खाली दोन भोकं दोरीसाठी, आणि सगळीकडून गुळगुळीत. कोरणाऱ्याने केलं ते अर्धंच, उरलेलं शंभर-दीडशे वर्षं लोकांच्या बोटांनी केलं, असं बाई म्हणायच्या.

असे एकोणीस प्राणी त्यांच्या काचेच्या कपाटात होते. त्यांचा नवरा छपाईची यंत्रं बसवायला ओसाकाला जायचा. कधी दोन महिने, कधी चार. येताना दर वेळी एक प्राणी. "बांगडी आणली असती तर मी विचारलं असतं, किती पैसे घातलेस. उंदीर आणला, आता उंदराला काय विचारणार?" तांदळाच्या पोत्यावर बसलेला तो उंदीर तिकडच्या धनाच्या देवाचा सोबती होता. मी म्हटलं, आमच्याकडेही उंदीर देवाच्याच सेवेत आहे, पण त्याच्यावर देव बसतो. बाईंना ते फार अन्यायाचं वाटलं. "एवढ्याशा जिवावर? पोट केवढं आहे देवाचं?"

कुत्रा बाळंतपण सुखरूप होण्यासाठी, कासव आयुष्यासाठी, असं त्या सांगायच्या. पण त्यांचे खरे अर्थ निराळेच होते. कासव म्हणजे मुलाचे टॉन्सिल काढले ती खेप. कुत्रा म्हणजे सासूबाई गेल्या आणि नवरा पोहोचू शकला नाही ती. एकेक प्राणी म्हणजे नवरा घरात नसल्याचा एकेक काळ. आता तो कायमचाच नव्हता आणि डोळेही जात होते. रोज सकाळी त्या एक प्राणी कपाटातून काढायच्या आणि दिवसभर एप्रनच्या खिशात ठेवायच्या. बटाटे सोलून झाले की हात पुसून खिशात. फोनवर बोलताना हात खिशात. वृद्धाश्रमाचा विषय त्यांच्या मुलाने काढलेला होता आणि त्यांची हरकत नव्हती. "तिथे कपाट चालत नाही. पण हे सगळे एका उशीच्या अभ्र्यात मावतात," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. डोळ्यांनंतर काय, याची सोय त्यांनी करून ठेवली होती.

ती सोय मी मोडली. ते कसं घडलं हे सांगायचं तर आमच्या घराविषयी सांगावं लागेल.

आमच्या घरात भांडणं तोंडी होत नसत. आई बँकेच्या युनियनमध्ये, बाबा शाळामास्तर आणि उरलेल्या वेळात गावातल्या यच्चयावत चळवळींचे पत्रकलेखक. अक्षरओळख मला शाईचा वास येणाऱ्या कागदांवर झाली. "जाहीर निषेध" हे मी वाचलेले पहिले जोडशब्द असावेत. सकाळी दूध कोणी आणायचं यावर मतभेद झाले की आई फ्रिजवर कागद चिकटवायची: दूधप्रश्नी महिलांची भूमिका. संध्याकाळपर्यंत त्याखाली बाबांचा कागद: आरोप आणि वास्तव. नऊ वर्षांची असताना मी खिचडीच्या सक्तीविरुद्ध पत्रक काढलं होतं, त्याला दोघांनी संयुक्त उत्तर दिलं. मग जेवताना सगळी पत्रकं मोठ्याने वाचायची, एकमेकांच्या वाक्यांना दाद द्यायची, आणि खिचडी खायची. दूध शेवटी जो आधी उठेल तो आणायचा.

या घराचे नियम होते. पत्रकाला उत्तर पत्रकानेच द्यायचं. दिलेलं पत्रक मागे घ्यायचं नाही. आणि बाबांचा लाडका नियम, वाक्य लागलं पाहिजे. "'कदाचित' आलं की पत्रक मेलं," ते म्हणायचे.

गावात सर्कस आली तेव्हा बाबांनी हत्तीवर पत्रक काढलं होतं. स्टुलावर एका पायावर उभा राहणारा हत्ती. मी तिकिटाच्या रांगेत वाटायला उभी होते. लोकांनी कागद घेतले, छान हसले, आणि आत जाऊन ओल्या बाकांवर अंथरून त्यावर बसले. बाबा म्हणाले, पोहोचलं तरी. मला मात्र रडू आलं होतं. तो हत्ती आणि ते कागद माझ्या डोक्यात कायमचे एकत्र बसले.

तर एका संध्याकाळी बाईंच्या मुठीतून माझ्या हातात ससा आला. तो मी लगेच ओळखला, कान पाठीवर लांब पडलेले होते.

"जपानात चंद्रावर ससा असतो," बाई म्हणाल्या. "तिथे तो तांदूळ कांडतो."

"आमच्याही चंद्रावर आहे. पण आमचा नुसता बसतो."

"मग आपले ससे शेजारी शेजारी. तुमच्याला म्हणावं, जरा मदत कर."

मी हसत डोळे उघडले. सशाच्या पोटाखाली, भोकांच्या बाजूला, बारीक रेषा होत्या, एकमेकींना छेदत गेलेल्या, जाळीसारख्या. त्या रेषा कशाच्या, हे मला ठाऊक होतं.

"हे हस्तिदंत आहे?"

"हो, हो. तसले सात आहेत. बाकीचे लाकडाचे. लाकूड लगेच ओळखीचं होतं. हे आधी गार लागतं, आणि मग सोडवत नाही."

मी ससा जिन्यातल्या टपालाच्या टेबलावर ठेवला. त्यांच्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. काम आहे म्हणून वर गेले. त्या दाराशी उभ्या होत्या. त्यांचा हात टेबलावर चाचपडत सशाला शोधतोय, हे मला वरून ऐकू येत होतं.

त्या वेळी बोलता आलं असतं. बाई, मला हे हातात धरवत नाही, असं म्हणता आलं असतं, आणि का ते सांगता आलं असतं. त्या ऐकून घेणाऱ्या होत्या. पण मला मनात आलेलं बोलायचं असतं हेच माहीत नव्हतं. मनात आलेलं लिहायचं असतं.

दोन दिवस मी लिहीत होते. जर्मन कच्चं, म्हणून शब्दकोश घेऊन, प्रत्येक क्रियापद तपासून. मथळा दिला: तुमच्या कपाटात किती हत्ती? मारलेल्या हत्तीचं वर्णन होतं. दूरच्या देशांतून सुंदर वस्तू आणणाऱ्या युरोपविषयी एक परिच्छेद होता, तो मला आजही वाईट वाटत नाही. सात प्राणी म्हणजे सात हत्ती, असं लिहिलं. हा हिशेब खोटा होता. एका सुळ्यातून असे कितीतरी ससे निघतात, आणि बरेचसे नेत्सुके तर मोठ्या कामातून उरलेल्या तुकड्यांचे असतात, हे मी त्याच आठवड्यात वाचलं होतं. पण सात म्हणजे सात हे लागत होतं.

आणि मग कायद्याचं वाक्य. नियम मी वाचला होता. जुनं हस्तिदंत विकायचं तर कागदपत्रं लागतात, त्यांच्याशिवाय विकता येत नाही. घरात ठेवायला बंदी नाही. हे मी नीट वाचलं होतं, दोनदा. लिहिलं ते असं: असल्या वस्तू विकणं तर सोडाच, घरात बाळगणंही आज कायद्याला मान्य नाही. पुढे कलमाचं चिन्ह टाकलं आणि एक आकडा. "विकायचं असेल तर कागद लागतात" या वाक्यात काही दमच नव्हता.

डोळे अधू म्हणून अक्षरं मोठी ठेवली. एवढी मी विचारी होते. छापलं, खाली सही केली, घडी घातली आणि त्यांच्या टपालपेटीत टाकलं.

दोन वर्षं मी या देशात राहत होते. इथे टपालपेटीत आलेला, सही केलेला कागद म्हणजे काय हे मला माहीत असायला हवं होतं. कर, विमा, भाडं, घर सोडायची नोटीस. तो कागद फायलीत जातो, त्यावर तारीख पडते, मुदतीत जे करायचं ते करतात. त्यावर जेवताना कुणी हसत नाही. आमच्या घरी कागद आला की बोलणं सुरू व्हायचं. इथे कागद येतो तो बोलणं संपल्यावर.

रविवारी त्यांचा मुलगा केक घेऊन यायचा, तसा आला. थोड्या वेळाने खालून त्याचा आवाज यायला लागला, एकसुरी, विम्याची अट वाचल्यासारखा. तो माझं पत्रक वाचून दाखवत होता. मी जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर येऊन बसले. खरं सांगायचं तर मी ऐकत होते ते तो थांबायच्या जागी थांबतो का. मारलेल्या हत्तीच्या परिच्छेदाला तो बरोबर थांबला. मला बरं वाटलं. त्याचं वाचून संपलं. मग ताटलीवर काटा ठेवल्याचा आवाज.

सोमवारपासून मी उत्तराची वाट बघू लागले. माझ्या दारावर कागद येईल, त्यात माझ्या मुद्द्यांच्या चिंध्या केलेल्या असतील, अशी माझी कल्पना. युरोपवाल्या परिच्छेदावर त्या नक्की भडकतील, म्हणून मी दुसरं पत्रकही मनात तयार ठेवलं. संध्याकाळी खालचं दार उघडत नव्हतं. मी समजत होते, बाई लिहितायत. ज्या बाईला स्वतःचं औषधाचं लेबल वाचता येत नव्हतं, तिच्या लेखी उत्तराची मी पाच दिवस वाट बघितली.

शनिवारी दुपारी बाजार घेऊन आले तर फाटकापाशी एक खोका होता. त्यावर "फुकट न्या" अशा अर्थाचा जर्मन कागद. नको असलेलं, पण टाकवत नाही असं काही असलं की इथे असंच करतात, बाहेर ठेवतात, ज्याला हवं तो नेतो. मीही असाच एक दिवा आणला होता. खोक्यात एक कॉफीची किटली, दोन फुलदाण्या, आणि एक उथळ पेटी. पेटीत कापूस, आणि कापसात बारा खळगे. खळगे रिकामे. प्रत्येक खळगा वेगळ्या आकाराचा, कुणी कुशीवर झोपलेला, कुणी गोळा होऊन बसलेला. मी तिथे उभी असताना एक मुलगी आईबरोबर आली, पेटीत डोकावली आणि किटली घेऊन गेली.

मी पिशव्या घेऊन वर गेले. खालची घंटा वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतः माझ्या दाराशी आला. पन्नाशीचा, शांत माणूस. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या करून वेगवेगळ्या डब्यांत टाकणारा.

"तुमचे आभार मानायचे होते," तो म्हणाला.

"माझे?"

"आम्हाला हे माहीतच नव्हतं. एवढी वर्षं कपाटात! पुढे तिला आश्रमात नेताना कुणी काही विचारलं असतं तर? तुम्ही वेळेवर लिहिलंत. सातही जण माझ्या गाडीत आहेत. उद्या सकाळी ऑफिस उघडलं की निसर्गसंरक्षण खात्यात देऊन येतो. पावती मिळते, मी विचारलंय."

"आणि लाकडाचे?"

"ते ठेव म्हटलं मी. ऐकेना. कळप तोडायचा नाही म्हणाली. अर्धे ठेवून काय करू, रोज बाकीच्यांना शोधत बसेन." त्याने गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "वाईट वाटलं तिला. पण कायदा म्हणजे कायदा. मी तिला म्हटलं, वरची मुलगी अभ्यास करून लिहिते. कलमासकट लिहिलंय."

गाडी खाली उभी होती. माझ्या खिडकीतून तिचं छप्पर दिसत होतं. प्राणी त्या गाडीत होते, ऑफिस बंद होतं, आणि मला एकच वाक्य बोलायचं होतं: ते कायद्याचं खरं नाही, ठेवता येतात. चार शब्दांचं जर्मन वाक्य. मला ते व्याकरणासकट येत होतं.

"अभ्यास केला होता ना तुम्ही?" त्याने विचारलं. संशयाने नाही. दाद द्यावी तसं.

"हो," मी म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला, माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि खाली गेला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी आईला फोन केला. कंपनीच्या आवारात एका बाकावर बसून सगळं सांगितलं. ते "हो"सुद्धा.

"काय गं, म्हाताऱ्या बाईला पत्रक?" आई म्हणाली. "आपण पत्रक कलेक्टरला देतो."

"फ्रिजवर कोण चिकटवत होतं?"

"फ्रिजवरचं वेगळं. तुझे बाबा हलतच नव्हते, म्हणून चिकटवायचे." मग तिचा आवाज उतरला. "आणि तो गाडी घेऊन दारात उभा होता, तेव्हा तुझी वाचा का बसली?"

"आपल्याकडे कुणी कधी पत्रक मागे घेतलंय?"

"अगं, मागे घ्यायची वेळच आली नाही आपल्यावर. इतकी वर्षं छापतोय, कुणी एक हत्ती सोडला का? तुझ्या बाबांचं एक वाक्य चुकलं काय नि बरोबर काय, कुणाचं काय जात होतं? तुझं पहिलं पत्रक गं आपल्या घरातलं, जे कुणीतरी ऐकलं."

मला वाटलं, आता ती हसेल. हसली नाही. "आत्ता फोन कर त्या मुलाला," म्हणाली. मी घड्याळ बघितलं. साडेबारा वाजले होते. ऑफिस सकाळी आठला उघडत होतं.

हस्तिदंताबद्दल मी जे मानते ते आजही मानते. ती हत्या होती, आणि सुबक कोरल्याने हत्या सुबक होत नाही. बाईंना हे तोंडावर सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी ते सात स्वतः दूर ठेवले असते, कदाचित नसते ठेवले. पण ते त्यांनी ठरवलं असतं, खरं ऐकून. मी त्यांच्यापुढे ठरवायला काही ठेवलंच नाही. खऱ्याला जोर कमी पडेल असं मला वाटलं आणि मी त्यात खोटं मिसळलं. पत्रकं काढणाऱ्या माणसाने दुसरं काहीही केलं तरी चालतं, हे चालत नाही.

शरद ऋतूत बाई आश्रमात गेल्या. घर विकायचं ठरलं, मी नदीपलीकडे खोली घेतली. त्यांना भेटायला जायचं मी तीनदा ठरवलं आणि तीनदा काम काढलं. शेवटी गेले तेव्हा त्या खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. माझा आवाज ऐकून त्यांनी मान फिरवली. आता कानाकडेही बघत नव्हत्या.

"ये. माळ्यावरची," म्हणाल्या.

त्यांचे हात मांडीवर होते. उजव्या हाताची बोटं स्वेटरचं खालचं बटण फिरवत होती. ते बटण सैल होऊन एका दोऱ्यावर आलं होतं. नर्स म्हणाली, दर आठवड्याला शिवतो आम्ही.

मी बसले आणि कोट न काढता सांगून टाकलं. ठेवायला बंदी नव्हती. मला ते तेव्हाच माहीत होतं. मी मुद्दाम लिहिलं.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलाला त्या ऑफिसातल्या बाईने त्याच दिवशी सांगितलं. म्हणाली, ठेवा की घरी, कोण नाही म्हणतंय. त्याने मला गाडीतून फोन केला."

"मग परत का नाही आणले?"

"आणून काय? तू ते दुसरं लिहिलं होतंस ना, हत्ती कसा पडतो ते. तेही खोटं होतं का?"

"नाही. ते खरं होतं."

"मग? हातात घेतलं की मला तो दिसला असता. माझे डोळे गेलेत, पण असलं काही दिसायला डोळे लागत नाहीत." त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "तुझा राग आला तो एकाच गोष्टीचा. ससा टेबलावर ठेवलास. तेव्हाच विचारलं असतंस तर मी तुला कॉफी दिली असती आणि आपण भांडलो असतो. मला भांडायला आवडतं. नवरा सारखा ओसाकाला, भांडायला कोण होतं?"

मला माफ करा, असं मी म्हणाले. त्यांनी बटण आणखी एकदा फिरवलं. बाहेर कुणीतरी पाचोळा ओढत होतं.

मग त्या म्हणाल्या, "दिवसातून एकदा मी सगळ्यांना आठवते. उंदरापासून सुरू करते. पण आता अडकायला होतं. हातात नसलं की जातं गं. बैल सांग. लाकडाचा बैल."

बैल मी बऱ्याच वेळा हातात घेतला होता. मी डोळे मिटले. "बसलेला आहे. पाय पोटाखाली. मान मागे वळवलेली, उजवीकडे. वेसण आहे, आणि तिचा कासरा पाठीवरून गेलाय."

"पाठीवरून?" डाव्या तळहातावर बैल चाचपत असल्यासारखं फिरणारं त्यांचं बोट थांबलं. "मला वाटतं पोटाजवळून. खालून कुठूनतरी."

"पाठीवरून," मी म्हणाले. "आडवा, डाव्या खांद्यापासून."

मला नक्की आठवत नव्हतं. खांद्याचं तर मी तेव्हाच जोडलं. ते माझ्या तोंडून इतकं ठामपणे आलं की मलाही क्षणभर खरं वाटलं.

"असेल," बाई म्हणाल्या. "तू म्हणतेस तर असेल."

"थांबा, माझं चुकत असेल. मलाही नीट आठवत नाही. तुम्ही म्हणता तेच बरोबर असेल."

पण त्यांचं बोट पुढे निघालं होतं. डाव्या हाताच्या तळव्यावर, जिथे बैल असायचा तिथे, ते खांद्याच्या जागेपासून आडवं पाठीवरून गेलं, पलीकडे उतरलं आणि परत तिथूनच फिरलं. मी पुन्हा म्हटलं, बाई, पोटाजवळून असेल. त्यांनी मान हलवली, मनातल्या मनात काहीतरी मोजलं, आणि कासरा तिसऱ्यांदा पाठीवरून नेला.